वरून मॅडम येताहेत

लेक काय करते असं कुणी विचारलं, की नाना आधी बसल्या जागी ताठ होत, मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत, आणि समोरचा आता उठून पळू शकत नाही अशी खात्री पटली की मगच तोंड उघडत. "संशोधन करते," ते म्हणत, आणि थांबत. तो शब्द समोरच्याच्या अंगात नीट मुरावा, एवढाच त्यांचा हेतू असे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म गेलेला माणूस! लोक यायचे ते तक्रार घेऊन. कौतुक घेऊन आलेला एकही माणूस नानांना आठवत नव्हता. आता म्हातारपणी हे कौतुक हाती लागलं होतं. एखाद्यानं ते पुरवून पुरवून वापरलं असतं. नाना दोन्ही हातांनी उधळत होते.

"कशावर संशोधन?" खालच्या मजल्यावरचे बँकवाले विचारायचे. त्यांना उत्तर पाठ होतं, पण जिन्यात नाना आडवे उभे असले की विचारल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती.

"शाळांवर. एका शाळेला इमारत, मैदान, प्रयोगशाळा, सगळं. दुसऱ्या शाळेला फळा आहे तर खडू नाही. खातं तेच, कायदा तोच, पोरंही तसलीच. मग पैसा एकीकडेच का जातो? पाणी उताराकडे जातं, हे आम्ही नोकरीत पाहिलं. पैसा चढाकडे जातो. तो कसा चढतो, हा तिचा विषय!"

"त्यात शोधायचं काय? ज्याच्या हाती ससा तो पारधी."

"असं तुम्हाला वाटतं. सिद्ध केलंय का?"

बँकवाल्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी जन्मभर नोटा मोजल्या होत्या, पण सिद्ध असं काही केलं नव्हतं.

खरा घाव घातला तो वरच्या मजल्यावरच्या मावशींनी. "पगार बरा असेल नाही?" त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, शिष्यवृत्ती आहे. "अगंबाई! म्हणजे पोर अजून शिकतेच आहे म्हणा की," असं म्हणून मावशी सहानुभूतीनं मान हलवत वर निघून गेल्या. ती सहानुभूती नानांना कित्येक दिवस पचली नाही. आणि मावशींचं बोलणं अगदीच खोटं होतं असंही नाही, हे त्यातलं खरं दुखणं. शिष्यवृत्ती चालू राहायची तर विद्यापीठाच्या समितीपुढे दरवर्षी काम मांडावं लागे. यंदा दोन शाळांची पाहणी मांडायची होती, एक सधन आणि एक गरीब. पाहणी झाली नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे संशोधनही बंद. लेकीनं हे घरात एकदाच, जेवताना, पानाकडे बघत सांगितलं होतं. त्या दिवसापासून नानांनी जिन्यात उभं राहणं थोडं कमी केलं.

पाहणी अडली होती ती परवानगीवर. शाळा म्हणत, शिक्षणखात्याची परवानगी आणा, मग आमची संमती. खातं म्हणे, शाळेची संमती आणा, मग आमची परवानगी. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. लेक बिचारी या दारातून त्या दारात फिरून अर्धी झाली. शेवटी नाना म्हणाले, "बाळा, तू संशोधन कर. कचेरी माझ्यावर सोड. ज्या खिडकीच्या आत बसून मी लोकांना परत पाठवलं, त्या खिडकीच्या बाहेरून काय बोलायचं हे मला कोण शिकवणार?"

खात्यातल्या खिडकीतला कारकून नानांना पाहताच ओळखून चुकला, की हा आपल्याच जातकुळीचा प्राणी आहे. तो नरमला, आणि आधी शाळेची संमती हवी हा हट्ट त्यानं सोडला. पण नियम म्हणजे नियम. बाहेरच्या माणसाला शाळेत जायचं तर कारण तीनच: दुरुस्ती, मतदान आणि निरीक्षण. संशोधन नावाचं कारण त्यांच्या खात्यात अजून जन्माला यायचं होतं.

नानांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "शाळेत जाऊन तू नेमकं करणार काय?"

"सांगितलंय ना बाबा. प्रत्यक्ष निरीक्षण. बाक किती, नळ किती, पुस्तकं कुठे ठेवलीत. बघायचं आणि टिपायचं. आमच्यात त्या पद्धतीला निरीक्षणच म्हणतात."

"मग झालं तर!" नाना म्हणाले, आणि खिडकीत वळून म्हणाले, "निरीक्षण." शिक्का पडला. इतक्या दिवसांचं घोडं एका शब्दानं गंगेत न्हालं, म्हणून नाना घरी येताना पेढे नाहीत तरी बिस्किटं घेऊन आले.

इथवर सगळं ठीक होतं. पण शाळांना फोन करून दिवस ठरवायचं काम नानांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि तिथे माशी शिंकली. नानांचा एक आवाज होता. घरात तो फारसा ऐकू येत नसे, कारण घरात त्याला कुणी किंमत देत नसे. तो कचेरीतला आवाज होता. पोटातून निघायचा, शब्दागणिक थांबायचा, आणि ऐकणाऱ्याला आपलं पाणी तोडलं जातंय असं वाटायचं. निवृत्तीनंतर तो वापरायची संधी आली नव्हती. ती आता आली.

"शाळेत निरीक्षण आहे," नाना त्या आवाजात म्हणाले. "वरून मॅडम येताहेत."

यात खोटं काय होतं? निरीक्षण होतंच. मॅडम येणारच होत्या. आणि विद्यापीठ टेकडीवर होतं, तेव्हा तिथून येणारा माणूस वरूनच येणार, खालून कसा येईल? पण "वरून" म्हणताना नानांनी जी एक बारीक उसंत घेतली, ती काही टेकडीसाठी नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. पलीकडे सधन शाळेचे सेक्रेटरी होते. ते म्हणाले, "आपण कोण बोलताय?" नाना म्हणाले, "मी मॅडमच्या सोबत असतो." हेही खरंच. तिच्या लहानपणापासून असत आले होते. पलीकडे पाणी प्याल्याचा आवाज आला. गरीब शाळेच्या हेडबाईंनाही नानांनी तोच फोन, त्याच शब्दांत केला. पलीकडे कुणी पाणी प्यालं नाही. त्या शाळेत बहुधा नसावं.

जायच्या दिवशी सकाळी लेकीनं बजावलं, "बाबा, मोजायची टेप तुमच्याकडे. आणि शाळांची नावं बाहेर कुठे घ्यायची नाहीत. आमच्यात तसा नियम आहे. एकीला अ म्हणायचं, दुसरीला ब."

"नाव नाही? मग मान कुणाला?"

"मान द्यायला नाही जात आहोत. खरं बोलले म्हणून कुणाचं वाकडं होऊ नये, यासाठी नाव नाही."

नानांना हे फारसं पटलं नाही. आयुष्यात त्यांनी एकही गोष्ट बाहेर सांगायची बाकी ठेवली नव्हती. पण टेप गळ्यात अडकवून ते निघाले.

अ म्हणजे सधन शाळा. बाहेरून तिची इमारत पाहूनच नाना म्हणाले, "वा!" आत गेल्यावर मात्र तो 'वा' त्यांनी परत घेतला. सेक्रेटरी दारातच उभे होते, अंगात कॉलर विरलेला शर्ट. शर्टावर जिथे खिशाचं बटण असतं तिथे टाचणी होती. प्रयोगशाळेला कुलूप. "आत उंदीर झालेत," सेक्रेटरी म्हणाले. संगणकाची खोली रिकामी. "ते पण उंदरांनी?" नानांनी विचारलं. सेक्रेटरींनी नुसतीच मान खाली घातली. वर्गात पोरं सतरंजीवर बसली होती. अंगात कडक इस्त्रीचे गणवेश, पायात चकचकीत बूट, आणि मांडी घालायची कुणाला माहीत नव्हती. कुणी पाय पसरून बसलं होतं, कुणी उकिडवं, एक जाडसर मुलगा सारखा शेजाऱ्यावर कलंडत होता. फरशीवर मात्र ओळीनं फिकट चौकोन दिसत होते. लेक त्या चौकोनांकडे बराच वेळ बघत राहिली.

"इथे काय होतं?"

"काही नाही मॅडम. ऊन येतं."

"उत्तरेच्या खिडकीतून?"

सेक्रेटरी म्हणाले, आमच्या शाळेची परिस्थितीच अशी आहे, ऊनसुद्धा मिळेल तिथून घ्यावं लागतं. मग त्यांनी कान तुटलेल्या कपांतून चहा दिला, आणि यंदा तरी अनुदान वाढवा असं म्हणत डोळ्यांना रुमाल लावला. नाना हळव्या मनाचे. त्यांनीही लावला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बाळा, हीच जर श्रीमंत शाळा, तर गरीब शाळेत आपण रडायला टॉवेलच घेऊन जाऊ."

दुसऱ्या दिवशी ब शाळा. गल्लीच्या टोकाला दोन बसक्या खोल्या, वर पत्रा. आणि आत पाऊल टाकायला जागा नाही! भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी बाक, इतके की हेडबाई फळ्यापाशी अडकून पडल्या होत्या आणि नमस्कार त्यांनी तिथूनच केला. दुसरीच्या वर्गात सूक्ष्मदर्शक. पृथ्वीचा गोल तर एवढा मोठा, की त्याच्यामागे दोन पोरं दिसेनाशी झाली होती. कोपऱ्यात संगणक होते, आणि त्यांच्या वायरी खिडकीतून बाहेर सोडल्या होत्या, कारण आत भिंतीत लावायला काही नव्हतंच. लेक टिपून घेत होती, पण तिचा हात हळूहळू मंदावत चालला होता.

नाना मात्र भारावले. "बाई, कमाल केलीत! कोंड्याचा मांडा केलात!" असं म्हणत ते एका कपाटापाशी गेले. कपाटात चषक. नानांनी चष्मा सरसावून एकावरची अक्षरं वाचली: आंतरशालेय जलतरण, प्रथम क्रमांक.

इथे नानांमधला हेडक्लार्क जागा झाला. "बाई, या गल्लीत एकच नळ आहे. तो जोडला तेव्हा मीच नोकरीत होतो. त्याला धड घागर भरण्याइतकं पाणी येत नाही, आणि तुमची पोरं पोहण्यात पहिली?"

हेडबाई वळून कोराच फळा पुसू लागल्या. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीनं नानांचा सदरा ओढला. बाक मोठ्या मुलांचे होते. तिचे पाय अधांतरी लोंबकळत होते आणि हनुवटी जेमतेम वरच्या फळीला लागत होती. "आजोबा, हे बाक परत कधी नेणार? आम्हाला खाली बसायचंय."

हेडबाई काही सावरासावर करणार, तर दारातून टेम्पोवाला आत डोकावला आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाला, "बाई, गेले का ते तपासणीवाले? मला दुसरं भाडं आहे. सामान भरू का?"

मग काय राहिलं? हेडबाई होत्या तिथेच, बाक आणि फळा यांच्यामध्ये, रडू लागल्या. त्यांना बाहेर काढायला आधी चार बाक हलवावे लागले. सोयी नाहीत त्या शाळा बंद करून पोरं लांबच्या शाळेत घालायची, असा खात्याचा नवा नियम होता. आणि लांबच्या शाळेत या गल्लीतली निम्मी पोरं जाणारच नाहीत, हे हेडबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यात निरीक्षणाचा फोन आला. वरून मॅडम येणार! हेडबाई धावत सधन शाळेच्या सेक्रेटरींकडे गेल्या, एका दिवसापुरते बाक मागायला. तर सेक्रेटरी त्यांचीच वाट बघत असल्यासारखे म्हणाले, बाक काय, सगळंच न्या! त्यांनाही तोच फोन गेला होता. त्यांना सामान लपवायला जागा हवी होती. काही नाही असं दिसलं तर अनुदान वाढेल, हा त्यांचा हिशेब. एकीला दाखवायचं होतं, दुसऱ्याला झाकायचं होतं, आणि दोघांचं काम एका टेम्पोत भागलं.

"पण तपासणी आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी?" लेकीनं विचारलं. "मी तर विद्यार्थिनी आहे. माझ्या सांगण्यावरून कुणी पंखासुद्धा बंद करत नाही."

"फोन आला होता," हेडबाई डोळे पुसत म्हणाल्या. मग त्यांनी नानांकडे बोट केलं. "हाच आवाज. मघाशी नळाचं बोलले ना, तेव्हाच ओळखला."

लेकीनं वळून बापाकडे बघितलं. नाना पृथ्वीच्या गोलामागे जाऊ पाहत होते, पण तिथली जागा आधीच पोरांनी घेतली होती.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं आधी हेडबाईंचा हात धरला आणि म्हणाली, "तुमच्या शाळेचं नाव माझ्या तोंडून कुठेही बाहेर पडणार नाही. माझा शब्द." मग टेम्पोवाल्याला म्हणाली, "भरा सामान. मी पण येते. हे कुठे, कसं आणि किती उतरतं ते मला बघायचंय." पुढे ड्रायव्हरशेजारी जागा एकच होती. त्यामुळे भर दुपारी, भर बाजारातून, पाणीपुरवठ्याचे निवृत्त हेडक्लार्क टेम्पोच्या मागे बाकांच्या ढिगावर बसून गेले. एका हातात पृथ्वी आणि दुसऱ्या हातात जलतरणाचा चषक. पृथ्वी सोडावी तर ती रस्त्यावर घरंगळेल आणि चषक सोडावा तर फुटेल, म्हणून त्यांना तोंडही झाकता येईना. आणि नेमके बँकवाले कोपऱ्यावर उभे!

"नाना!" चषकावरचं 'जलतरण' वाचून बँकवाले ओरडले. "पहिले आलात की काय?"

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी झाली, की नानांनी या वयात पोहण्याची शर्यत मारली. मावशी तर अभिनंदन करायला आल्या, आणि सर्दी झाली असेल म्हणून काढाही घेऊन आल्या.

पण ते नंतर. आधी टेम्पो अ शाळेच्या फाटकात शिरला. सेक्रेटरी आज रेशमी शर्टात होते. माल आला म्हणून हसत पुढे आले, आणि ढिगावरून कोण उतरतंय ते पाहून जागच्या जागी थिजले. "हे... हे आम्ही त्यांना दान दिलं होतं!"

"मग परत का घेताय?" नानांनी चषक त्यांच्या हाती देत विचारलं.

"त्यांनी... नाकारलं."

लेकीनं एकेक बाक, एकेक संगणक उतरताना टिपला, आणि तो ठेवला गेला त्या जागी जाऊन बघितला. बाक त्या फिकट चौकोनांवर बरोबर बसत होते. सेक्रेटरी मागे मागे फिरत चहा घ्या, चहा घ्या, करत राहिले. आजचे कप सोनेरी काठाचे होते.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "अहो, तुम्हाला मी कितीदा सांगितलं, घरातल्या आवाजात बोलत जा म्हणून." लेक तिच्या खोलीत गेली. नाना दाराशी जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. समितीची तारीख तोंडावर आली होती. आता जाऊन मांडायचं काय? की बापानं फोन करून दोन शाळा घाबरवल्या आणि पाहणीचा विचका केला? शिष्यवृत्ती जाणार आणि ती आपल्यामुळे जाणार, या विचारानं नानांना अन्न गोड लागेना. बाप म्हणून ते पुष्कळदा चुकले होते, पण पोरीच्या पायावर आपल्या हातानं धोंडा कधी पाडला नव्हता.

जिन्यात नानांनी शाळांची नावं गाळून सगळं सांगितलं, तेव्हा बँकवाल्यांनी सल्ला दिला. "टेम्पोचं बोलायचंच नाही. आकडे आहेत ना? गरीब शाळेत बाक जास्त, श्रीमंत शाळेत कमी. द्या ठोकून! उलटी गोष्ट सांगितली की हे विद्वान लोक खूश होतात. कोण बघायला जातंय?"

एरवी बँकवाल्यांचा सल्ला नाना निदान ऐकून तरी घेत. त्या दिवशी ते भडकले. "माझी लेक खोटं लिहिणार नाही! शिष्यवृत्ती गेली तर गेली. मी पोसीन तिला. बोलायला सोपं वाटतं तुम्हाला!" आणि घरात येऊन ते पेन्शनचं पासबुक काढून बसले. पेन्शनीत तिघांचं भागवता येईल, पण पोरीचं संशोधन भागवता येणार नाही, हे त्यांना कळत होतं.

दोन दिवसांनी सकाळी लेक चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. डोळे तांबारले होते, पण चेहरा उतरलेला नव्हता. "बाबा, फोनवर तुम्ही नेमकं काय म्हणालात? शब्द न् शब्द सांगा. आणि त्याच आवाजात."

"नको ना बाळा. चुकलो मी."

"बाबा, सांगा."

नानांनी सांगितलं. कप बशीवर थडथडला. स्वयंपाकघरातून बायको "कोण आलंय हो?" म्हणून बघायला आली. लेकीनं ते लिहून घेतलं, पुन्हा एकदा म्हणायला लावलं, आणि अचानक हसत सुटली. इतकी, की नानांना वाटलं पोर हातची गेली. मग ती डोळे पुसून म्हणाली, "समितीला तुम्ही पण चला."

समितीची खोली लांबोडकी होती. टेबलामागे तीन माणसं, आणि समोर ऐकणाऱ्यांसाठी खुर्च्या. मधले अध्यक्ष शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. त्यांच्या डाव्या हाताला एक परीक्षकबाई. केस आखूड, नजर धारदार. त्या आतापर्यंत एकदाही हसल्या नसाव्यात, असं नानांना वाटलं. तिसरे गृहस्थ पेंगत होते. नाना शेवटच्या रांगेत बसले. नवा सदरा टोचत होता.

लेक उभी राहिली. तिनं आकडे मांडले. अध्यक्षांच्या भुवया चढल्या. "म्हणजे गरीब शाळाच श्रीमंत निघाली?"

"एका दिवसापुरती, सर," लेक म्हणाली, आणि तिनं फोनच्या शब्दांसकट टेम्पोची गोष्ट सांगितली. काही झाकलं नाही, काही चढवलं नाही. सतरंजीवर कलंडणारा मुलगा सांगितला, अधांतरी पाय लोंबकळणारी मुलगी सांगितली. गोष्ट जलतरणाच्या चषकाशी आली तेव्हा पेंगणारे गृहस्थ जागे झाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मग ती थांबली, आणि तिचा आवाज बदलला. "सर, मी दोन शाळा मोजायला गेले होते. मोजायला मिळाली ती भीती. वरून कुणी विचारायला आलं, की ज्याच्याकडे नाही तो 'आहे' म्हणतो, कारण 'नाही' म्हटलं तर शाळा बंद होते. आणि ज्याच्याकडे आहे तो 'नाही' म्हणतो, कारण त्याला आणखी मिळतं. आपण याच उत्तरांवर पैसे वाटतो. पैसा चढाकडे जातो तो असा."

शेवटचं वाक्य ऐकून नाना खुर्चीत पुढे सरकले. जिन्यात उभं राहून त्यांनी ते वाक्य कितीदा तरी फेकलं होतं. ते इतकं खरं आहे हे त्यांना आजच कळलं.

 अध्यक्ष पुढे वाकले. "कामाबद्दल नंतर बोलू. आधी सांगा, ही शाळा कोणती? सोयी नसताना सोयी दाखवते म्हणजे खात्याची फसवणूक आहे. खात्याला कळवणं माझं कर्तव्य आहे."

"नाव देता येणार नाही, सर. मी शब्द दिलाय."

"शिष्यवृत्तीचा निर्णय आज व्हायचा आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे, सर." लेकीचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला होता, हे एवढ्या लांबूनही नानांना दिसलं.

"ठीक आहे. तो फोन करणारा तरी कोण होता? हुद्दा काय त्याचा?"

नाना उभे राहिले. कुणी उठवलं नव्हतं, पण पायच उठले. सगळ्यांनी माना वळवल्या. अध्यक्षांचा सूर एकदम गोड झाला. "तुम्ही का? या, या. तुम्ही अनुभवी माणूस दिसता. पोरीला कळत नाही, तुम्हाला कळतं. सांगा बघू, शाळा कोणती?"

उभ्या आयुष्यात नानांना कुणी एवढ्या मानानं काही विचारलं नव्हतं, तेही भरल्या खोलीत. शाळेचं नाव जिभेवर होतं, गल्लीसकट, नळासकट. समोर साहेब होता, आणि साहेबानं विचारलं की सांगायचं, ही जन्माची सवय होती. ओठ हललेही. नाना तो कचेरीतला आवाज शोधायला गेले, पण तो काही सापडला नाही. जो निघाला तो घरातला होता.

"हुद्दा काही नाही, साहेब. मी हिचा बाप. हिनं सांगितलं नाही, म्हणजे मलाही माहीत नाही."

ते खाली बसले. अध्यक्ष लालबुंद झाले आणि शेजारी वळले. परीक्षकबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मला वाटतं, विषय संपला," त्या म्हणाल्या. "नावं सांगणारी मुलगी असती, तर मीच हिची शिष्यवृत्ती थांबवली असती. पुढच्या वर्षासाठी माझी मंजुरी." तिसऱ्या गृहस्थांनी ठसक्यातूनच हात वर केला. दोघांपुढे एकट्यानं काय करायचं, म्हणून अध्यक्षांनी सही केली.

लेक आत कागद आवरत होती. नाना बाहेर जिन्यात तिची वाट बघत उभे होते. चष्मा पुसत होते, कारण त्यातून काही दिसेनासं झालं होतं. परीक्षकबाई खाली उतरता उतरता त्यांच्यापाशी थांबल्या. "लेक चांगली तयार केलीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

आयुष्यात कधी आयतं आलेलं कौतुक नानांनी परत केलं नव्हतं. पण त्यांनी मान हलवली.

"मी नाही हो केली," ते म्हणाले. "मी फक्त फोन केला."